विजयश्रीबाई आणि थांगचं नाव

विजयश्री त्रिभुवन यांना अर्धवट राहिलेली गोष्ट खपत नसे. ताटात घास उरलेला चालायचा नाही, शिवणीतून लोंबणारा धागा चालायचा नाही, आणि कुणी बोलता बोलता मध्येच अडलं तर त्याचं वाक्य त्या स्वतः पुरं करून टाकायच्या. बरोबर असो की चूक. वर ऐकवायच्या, "बोल की लवकर, माझ्या जिवाला घोर कशाला लावतोस?"

बाई मूळच्या राहात्याकडच्या. हरेगावच्या मतमाऊलीला, म्हणजे मारियामातेला, नवस बोलणारी, रविवारची मिस्सा न चुकवणारी ख्रिस्ती घरं. ज्ञानदेव त्रिभुवन भोसरीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते, म्हणून लग्न होऊन बाई इकडं आल्या आणि इथल्याच झाल्या. बरीच वर्षं त्यांनी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या. एका सकाळी ज्ञानदेव रात्रपाळीहून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत गेले. बाई रडल्या, अगदी पोटभर रडल्या. मग नवऱ्याचे कपडे वाटून टाकले, सायकल भाच्याला दिली आणि संत तुकाराम नगरातल्या सडाफटिंग पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. "रडायचं ते एकदाच, आणि मग भांडी घासायला लागायचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुःखाचंसुद्धा काम उरकायचं असतं, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्यापुरती ती खरी ठरली, आणि घोडं तिथंच अडलं. आपल्याला लागू पडलेलं औषध दुसऱ्यालाही लागू पडणार, असं त्या धरून चालायच्या.

चर्चच्या महिला मंडळाच्या त्या पुढारी. फादर दर काही वर्षांनी बदलतात, विजयश्रीबाई बदलत नाहीत, असं लोक गमतीनं म्हणत. सध्याचे फादर ऑल्विन वसईकडचे, स्वभावानं मऊ. कुणाला नाही म्हणायचं झालं तर आधी घाम पुसायचे. त्यांना दिल्लीच्या सिस्टरांचा फोन आला. ब्रह्मदेशातून जीव वाचवून आलेलं एक कॅथलिक कुटुंब आहे, एक बाई आणि तिची मुलगी, दिल्लीत त्यांचे हाल चाललेत, तुमच्याकडं सोय होईल का? फादर हो म्हणाले आणि मग घाम पुसत विजयश्रीबाईंकडं आले.

खोली कोण देणार? दोन-तीन घरमालकांनी चेहरे बघूनच दार लावलं. बाई तडक चिखलीच्या रंभाआक्काकडं गेल्या. आक्का म्हणजे जुन्या गावातली शेतकरीण. शेतात आता कारखान्यांच्या शेड उभ्या राहिलेल्या आणि अंगणात भाड्याच्या खोल्यांची रांग. दोघींची ओळख डब्यांमुळं झालेली, कारण आक्काचे निम्मे भाडेकरू बाईंच्याच पोळ्या खायचे.

"परदेशी हायेत म्हनं. काय काय खात्यात कुनास ठाऊक," आक्का म्हणाली.

"भात खातात. तुझ्यासारखाच. आणि तुझ्याएवढा नाही खात."

आक्का हसली आणि तिनं किल्ली दिली. पोलीस ठाण्यात फादर स्वतः जाऊन सगळं रीतसर करून आले.

बाईचं नाव नियांग, मुलीचं दिम. नियांग अंगानं बारीक, चालताना पाय वाजायचे नाहीत. चर्चच्या मंडळींनी प्रेमाचा असा काही भडिमार केला की विचारू नका. पहिल्या आठवड्यात खोलीत तीन मिक्सर आले आणि चटई एकही नाही. कुणी लग्नातला शालू आणून दिला. अहो, जीव घेऊन पळून आलेली बाई शालू नेसून जाणार कुठं? विजयश्रीबाईंनी ती सगळी जत्रा परत पाठवली आणि चटया, घागर, पोळपाट-लाटणं अशी कामाची चीजवस्तू आणून दिली. पाणी कधी येतं, भाजीवाल्याला कसं घोळात घ्यायचं, शाळेत दिमचं नाव कसं घालायचं, सगळं त्यांनी केलं. आक्काच्याच शेडमधल्या एका छोट्या कारखानदाराकडून घरी बसून करायचं काम मिळवून दिलं. रबराच्या चकत्यांच्या वाढीव कडा कातरायच्या. नियांग दारात बसून दिवसभर कातरायची. तिचं बोलणं अर्धं दिल्लीचं हिंदी आणि अर्धं रंभाआक्काच्या अंगणातलं मराठी. "व्हय" आणि "न्हाई" म्हणायला ती आक्काकडंच शिकली. ऐकून चर्चमधली पुणेरी वळणाची मंडळी गालातल्या गालात हसायची.

नवऱ्याचं तिनं एकदाच सांगितलं. सैनिकांनी गाव पेटवलं तेव्हा सगळे डोंगर ओलांडून पळाले. अर्ध्या वाटेवर थांग, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, आई मागं राहिली, तिला घेऊन येतो, तुम्ही चला. तो गेला. त्याला आता दोन वर्षं उलटून गेली होती.

"मग?" विजयश्रीबाईंनी विचारलं.

"मग न्हाई," नियांग म्हणाली. "इतना ही."

त्या 'इतना ही'नं बाईंची झोप उडवली. दोन वर्षं! आजकाल डोंगरावरचा मेंढपाळ फोन करतो. माणूस जिवंत असता तर कुणाकरवी तरी निरोप धाडला नसता? त्यांनी मनातल्या मनात गणित सोडवलं आणि उत्तराखाली रेघ ओढली. बिचारीला कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून ती अशी लटकून राहिली आहे. एकदा मोकळी झाली की आपल्यासारखी उभी राहील. यात दुष्टावा तिळभरही नव्हता. नियांगवर त्यांचा जीव जडला होता, आणि जीव जडला की बाई कामाला लागायच्या.

नोव्हेंबर आला. दोन तारखेला मृतांचा स्मरणदिन. त्या संध्याकाळी आमची सगळी मंडळी दफनभूमीत जमतात, कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, आणि फादर माइकवर घराघरातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात. प्रत्येक नावानंतर लोक म्हणतात, "प्रभो, त्यांना सार्वकालिक शांती दे." वस्तीतली नावं फादरांपर्यंत पोचवायची जबाबदारी विजयश्रीबाईंचीच. त्या वर्षी त्यांनी यादीत ज्ञानदेवच्या नावाखाली थांगचं नाव लिहून दिलं. त्याला ना कबर, ना माती. निदान नाव तरी घेतलं जाऊ दे, चार लोकांची प्रार्थना तरी मिळू दे. फादरना वाटलं, बातमी आली असेल. बाईंना वाटलं, फादरना सगळं ठाऊकच आहे. कुणी कुणाला विचारलं नाही. आणि जिचा नवरा तिला तर कुणीच नाही.

संध्याकाळी नियांग आणि दिम बाईंबरोबर आल्या. आक्कासारखी साडी नेसू लागलेल्या नियांगनं पदर खोचून ज्ञानदेवची कबर घासली, माळ नीट सरळ केली. बाईंना भरून आलं. सूर्य कलला, मेणबत्त्या पेटल्या, फादर वाचू लागले. नाव, मग शांतीची प्रार्थना. नाव, मग प्रार्थना. नियांगलाही चाल जमली, तीही लोकांबरोबर पुटपुटू लागली. ज्ञानदेव त्रिभुवन झाले. मग फादर म्हणाले, "थांग."

लोक म्हणाले, "प्रभो, त्यांना सार्वकालिक शांती दे." नियांगच्या तोंडूनही सवयीनं अर्धी प्रार्थना बाहेर पडली आणि मग तिला कळलं.

ती उभी राहिली. बाईंचा दंड तिनं असा धरला की बोटं रुतली. "किसने बताया?" ती म्हणाली. "ताई, किसने बताया? कब?"

विजयश्रीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना तेव्हा उमगलं की हिला वाटतंय बातमी आली. फादरना कुणी कळवलं, सगळ्या गावाला ठाऊक झालं, आणि मेणबत्त्या लावायला म्हणून आपल्याला इथं आणून बसवलं. दिम आईच्या पदराला लोंबकळून रडायला लागली होती. नियांग खाली बसली आणि कपाळ मातीला टेकवून तिनं असा आवाज काढला की फादरांचं वाचन थांबलं.

"अगं, कुणी नाही सांगितलं," बाई खाली वाकून म्हणाल्या. "कुणीच नाही. मीच... मला वाटलं म्हणून."

नियांगनं मान वर केली. "आपको लगा?"

"हो."

एवढ्या लोकांत त्या बाईनं कुणाला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. दिमला उचललं आणि फाटकातून निघून गेली. तिनं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विजयश्रीबाई पुढं कितीदा तरी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या डबे टाकून चिखलीला धावल्या. खोलीचं दार बंद. ओट्यावर रंभाआक्का बसलेली, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झालेला.

"या! क्रियाकर्म उरकून आलासा?" आक्का कडाडली. "माझा चुलतसासरा आळंदीला जातो म्हनून गेला, त्यो आलाच न्हाई. आमी बारा वर्सं वाट बघितली, बारा! मग दर्भाचा पुतळा करून जाळला. तवर माझ्या चुलतसासूच्या कुकवाला बोट लावायची कुनाची टाप न्हवती. जेवाय बसताना समदे एकदा दाराकडं बघायचे. आन तुमी शिकलेली मान्सं! दोन वर्सांत मोकळं झालासा?"

"आक्का, मी चांगल्यासाठी..."

"चांगल्यासाठी! तिच्या दुखाची घाई तुला कशाला गं?"

विजयश्रीबाई ओट्याच्या कडेला टेकल्या.

मग आक्कानं खरी गोष्ट सांगितली. नियांग निघाली होती. रविवारी फादरचा निरोप घेणार आणि सोमवारच्या गाडीनं आधी गुवाहाटी, तिथून मिझोरामला. तिथं सरहद्दीच्या नदीकाठी तिच्या गावची माणसं छावणीत राहतात. दिमला त्यांच्यापाशी ठेवायचं आणि आपण नदी ओलांडून पलीकडं शोधायला जायचं. जिथून जीव वाचवून आली त्याच आगीत. "मी म्हनलं, बाई, पोरीला आई तरी ऱ्हाऊ दे. तर म्हनती, इथं समदे त्याला मेला म्हनत्यात, तिथं न्हाई म्हनत."

विजयश्रीबाई तशाच उठल्या. पलीकडं गेलेली बाई परत येईल याची खात्री कोण देणार? एक पोर अनाथ होईल, आणि त्याला कारण म्हणजे आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या फादरांकडं गेल्या. फादर आदल्या रात्रीपासून जेवले नव्हते. घाम पुसत म्हणाले, "चूक माझीपण आहे, विजयश्रीताई. मी विचारायला हवं होतं. आता महिनाभर मिस्सेत तीच नावं वाचली जातील, त्यातून मी गुपचूप काढून टाकतो."

"गुपचूप का? माइकवर घातलंय, माइकवरच काढीन," बाई म्हणाल्या.

रविवारच्या मिस्सेत प्रवचनानंतर लोक पुढं येऊन आपापल्या प्रार्थना मांडतात. विजयश्रीबाई उठल्या. सगळ्या चर्चला वाटलं, मंडळाच्या सहलीची सूचना असणार. नियांग मागच्या बाकावर दिमला घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी, डोक्यावरून पदर घेतलेली, जन्मात कधी चर्चची पायरी न चढलेली रंभाआक्का.

"मी एक पाप केलंय," बाई माइकवर म्हणाल्या. "नियांगच्या नवऱ्याचं नाव मी मेलेल्यांत दिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मीच शहाणी. तिची आणि त्याची मी तुमच्यासमोर माफी मागते." इथं थांबल्या असत्या तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण बाईंना थांबवणार कोण? "आणि मी सांगते, थांग जिवंत आहे! तो येणार! प्रभूकडं आपण प्रार्थना करूया."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," लोक म्हणाले. काहींनी डोळे पुसले. बाई जागेवर येऊन बसल्या. आता सगळं निस्तरलं, असं त्यांना वाटलं.

मिस्सा सुटल्यावर नियांग पायऱ्यांवर उभी होती. बाई जवळ गेल्या, तसं तिनं शांतपणे विचारलं, "किसने बताया?"

"काय?"

"जिंदा हाय म्हनून. किसने बताया?"

"कुणी नाही."

"मारते बी तुम्ही. जिंदा करते बी तुम्ही," नियांग म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच रडू. "ताई, मला मालूम न्हाई. दो साल से रोज सुबह उठते, तवा मालूम न्हाई. मेला बोलते तर झूट. जिंदा बोलते तर झूट. तुम्ही बी बोला ना, मालूम न्हाई. मैं अकेली बोलते."

विजयश्रीबाईंना ते दोन शब्द तोंडातून काढायला जेवढा वेळ लागला, तेवढा त्यांना कधी कशाला लागला नव्हता. माहीत नाही म्हणायचं म्हणजे आज माहीत नाही, उद्याही नाही, कदाचित मरेपर्यंत नाही. हे असं उघडं दार ठेवून ही बाई रोज भात शिजवते, चकत्या कातरते, पोरीची वेणी घालते! आपण नवऱ्याचे कपडे वाटून मोकळ्या झालो, कारण आपल्याला समोर नवरा कायमचा निजलेला दिसला होता. आपण धीराच्या, असं समजत होतो. धीर म्हणजे काय, ते हिला विचारावं.

"मालूम नाही," बाई म्हणाल्या. "मलाही मालूम नाही, नियांग."

नियांगनं मान हलवली. मग दोघी पायरीवर बसल्या. रंभाआक्काही गुडघे धरून बसली आणि म्हणाली, "बारा वर्सं हायेत अजून. तिकडं जाऊन बघाय फादर कुनाला तरी सांगत्यात का बघू. तू पोरीला टाकून जाऊ नगंस." फादरांनी त्याच दिवशी मिझोरामच्या आणि दिल्लीच्या सिस्टरांना फोन लावले. छावण्यांमध्ये थांगची चौकशी सुरू झाली. सोमवारची गाडी नियांगशिवाय गेली.

पुढं काही दिवसांनी नियांग डब्यांच्या वेळी संत तुकाराम नगरात आली. रबरवाल्या कारखानदारानं तिला शेडमध्येच कामाला बोलावलं होतं. घरच्यापेक्षा दुप्पट पैसे. पण फोनच्या नादात मशीनखाली बोटं जातात म्हणून तिथं मोबाईल दारातच ठेवून घेतात. नियांगनं पदराच्या गाठीतून एक जुना, काच तडकलेला फोन काढला. सिम सरहद्दीवरच्या गावांत चालणारं इकडचंच, आणि हा नंबर तेवढा थांगला पाठ होता. डोंगर उतरताना तिनं त्याच्याकडून घोकून घेतला होता. म्हणून ती घराबाहेर काम धरत नव्हती. झोपतानाही तो उशाशी चालू ठेवायची.

तिनं तो विजयश्रीबाईंच्या हातात ठेवला. "मैं शिफ्ट में. ये तुमच्याकडं."

"माझ्याकडं?" बाई दचकल्या. "अगं, मीच ती, जिनं त्याला..."

"व्हय," नियांग म्हणाली. "इसलिये."

मग तिनं बाईंना आपल्या भाषेतलं एक वाक्य शिकवलं. नियांग इथंच आहे, दिम इथंच आहे, फोन ठेवू नकोस. बाईंची जीभ वळेना. राहात्याकडची जीभ ती, त्या नाजूक चढउतारांचं पार पिठलं करायची. नियांग पुन्हा म्हणायची, बाई पुन्हा. पोळ्या लाटताना त्यांचा जप चालायचा, आणि डब्याला आलेली पोरं एकमेकांकडं बघून हसायची.

एका दुपारी कणीक मळत असताना तो फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंचे हात कणकेनं भरलेले. त्यांनी तसल्याच हातानं फोन उचलला आणि ते सगळं वाक्य, एकही शब्द न गाळता, जोरात म्हणून टाकलं. पलीकडं शांतता. बाईंचे डोळे वाहायला लागले. तो ऐकतोय, अशी त्यांची बालंबाल खात्री झाली होती.

"हॅलो मॅडम," पलीकडची मुलगी चाचरत म्हणाली, "आपल्याला क्रेडिट कार्ड हवं आहे का?"

"नको गं बाई," विजयश्रीबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. क्षणभर जे झालं होतं ते त्यांच्या छातीत अजून धडधडत होतं. फोन वाजला की नियांगला दर वेळी हेच होत असणार, आणि पुन्हा उठून ती कामाला लागत असणार. थांग, बाबा, कर रे फोन, त्या रडत रडत म्हणाल्या. ज्याला त्यांनी माइकवर मेलेल्यांत घातलं होतं त्याच माणसाला त्या नाव घेऊन हाक मारत होत्या.

मग त्यांनी पदरानं फोनवरची कणीक पुसली, आवाज मोठा आहे ना ते बघितलं आणि पोळपाटाशेजारी तो चार्जिंगला लावला.